किशोरवय, निकोटीन आणि कायदा : महाराष्ट्रातील तंबाखू नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा (१९७५ ते २०१९)

गोषवारा

केंद्र शासनाच्या २०१९ च्या अधिनियमाने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांवर बंदी आणली. हा निर्णय वरकरणी एका नव्या उपकरणाविषयीचा वाटतो. वस्तुतः तो तंबाखू नियंत्रणाच्या दीर्घ इतिहासातील एक टप्पा आहे. सिगारेट, दंतमंजन, गुटखा आणि ई-सिगारेट या चार रूपांतून एकच द्रव्य किशोरवयीन मुलांपर्यंत पोहोचत राहिले, आणि कायदा मात्र प्रत्येक वेळी त्या रूपाचा पाठलाग करीत राहिला. प्रस्तुत लेखात या पाठलागाचा इतिहास तपासला आहे. नियमनाचा आधार वस्तूचे रूप हा नसावा. निकोटीन हे द्रव्य व ग्राहकाचे वय हा असावा, असे प्रतिपादन त्यावरून केले आहे.

बीजसंज्ञा : किशोरवय, निकोटीन, ई-सिगारेट, गुटखाबंदी, सार्वजनिक आरोग्य, कोटपा.

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे मराठवाड्यात परिचित आहे. अशा गावांत आसपासच्या खेड्यांतून मुले-मुली शिक्षणासाठी येतात. शाळेची वाट, बसथांबा आणि पानटपरी ही तिन्ही ठिकाणे ग्रामीण महाराष्ट्रात बहुधा एकमेकांपासून फार दूर नसतात. ई-सिगारेट, म्हणजे सामान्य बोलीत ‘व्हेप’, हा विषय निघाला की तो मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांचा प्रश्न आहे, खेड्याचा नाही, अशी समजूत आढळते. ही समजूत दोन कारणांनी तपासून पाहण्यासारखी आहे. एक तर विक्रीचे दुकान आता भ्रमणध्वनीवर आले आहे, त्यामुळे शहर आणि खेडे यांतील अंतर पूर्वीसारखे राहिलेले नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण ऐतिहासिक आहे. गुटख्याची पुडीही एकेकाळी नवी होती आणि ती खेड्यापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) तंबाखूविषयीच्या शासकीय हस्तक्षेपाची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे, (२) १९७५ ते २०१९ या काळातील कायद्यांनी तंबाखूजन्य पदार्थांची ओळख कशी ठरविली याचा शोध घेणे, (३) किशोरवयीनांच्या संरक्षणासाठी नियमनाची बाजू व तिच्यावरील आक्षेप यांचे मूल्यमापन करणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, न्यायनिर्णय व सर्वेक्षणांचे अहवाल यांचा आधार घेतला आहे.

नव्या पदार्थाविषयीचा जुना वाद

तंबाखू भारतात पोर्तुगिजांमार्फत आला आणि दक्षिणेत प्रथम रुजला. उत्तरेच्या राजदरबारात तो पोहोचला तो दख्खनमधून. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तेथून परतताना, म्हणजे १६०४ च्या सुमारास, त्याने इतर भेटवस्तूंबरोबर तंबाखू व रत्नजडित चिलीम बादशहासाठी आणली. त्या वेळी विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल याच राजाच्या कारकिर्दीतला. म्हणजे तंबाखूच्या भारतीय इतिहासाचे आरंभीचे एक पान याच परिसराशी जोडलेले आहे.

असद बेगने या प्रसंगाचे वर्णन करून ठेवले आहे. बादशहाने चिलीम ओढून पाहिली तेव्हा राजवैद्याने हरकत घेतली. या वनस्पतीचा उल्लेख आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष पारखलेले नाहीत, म्हणून बादशहाने तिचा प्रयोग करू नये, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगचे उत्तर असे की, युरोपातील लोकही शहाणे आहेत. त्यांनी पारखल्याशिवाय ती स्वीकारली नसेल. आणि प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते. अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही. परंतु असद बेगने तो सरदारांना वाटला, मागणी वाढली, व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली आणि सवय पसरली. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तोवर व्यापार आणि सवय दोन्ही स्थिरावली होती, त्यामुळे या बंदीचा टिकाऊ परिणाम झाला नाही.

चार शतकांनंतर ई-सिगारेटवर झालेला वाद याच दोन बाजूंचा आहे. एका बाजूला दीर्घकालीन परिणाम ठाऊक नसताना पदार्थ मोकळा सोडू नये असे म्हणणारा वैद्य, तर दुसऱ्या बाजूला परदेशात तो चालतो म्हणून येथेही चालावा असे म्हणणारा पुरस्कर्ता. जहांगीराच्या बंदीचे अपयशही बोध देणारे आहे. प्रसारानंतर घातलेली बंदी आणि प्रसारापूर्वी केलेले नियमन यांच्या परिणामांत मोठे अंतर असते.

घरातली सवय आणि कारखान्यातला माल

पुढील तीन शतकांत तंबाखू महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. शेतकऱ्याच्या चंचीत चुना-तंबाखू, म्हाताऱ्यांच्या डबीत तपकीर, स्त्रियांच्या दात घासण्यात मशेरी, श्रमिकांच्या कानावर विडी अशी त्याची रूपे झाली. आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या राजधानीत १९१६ मध्ये वझीर सुलतान यांनी सिगारेटचा व्यवसाय सुरू केला आणि ‘चारमिनार’ ही सिगारेट पुढे देशभर गेली. कारखान्यातून निघणाऱ्या मालाने सवयीचे स्वरूप बदलले. घरात मळलेल्या तंबाखूला जाहिरातीची गरज नव्हती. कारखान्यातल्या मालाला रोज नवा ग्राहक हवा होता.

हा नवा ग्राहक लहान वयाचा असतो, हे राज्यकर्त्यांच्या लवकर लक्षात आले होते. इंग्लंडमधील १९०८ च्या बालक अधिनियमाने सोळा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई केली. भारतात बंगाल प्रांताने १९१९ मध्ये बालधूम्रपानविषयक कायदा केला. म्हणजे बालकांच्या संरक्षणासाठी तंबाखूची विक्री नियंत्रित करावी हा विचार भारतीय कायद्याला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. तो अलीकडच्या काळात बाहेरून आणलेला विचार आहे, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात तर याच्याही आधीचा दाखला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. त्या वेळी परक्या सरकारने समाजाच्या व्यवहारात हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती, तर दुर्बलाच्या रक्षणासाठी कायद्याचे साहाय्य घ्यावे, अशी आगरकर व रानडे यांची. विषय भिन्न असला तरी मूळ प्रश्न समान आहे. ज्याला स्वतःच्या हिताचा निर्णय घेण्याइतकी परिपक्वता आलेली नाही, त्याच्या बाजूने शासनाने उभे राहावे की नाही? आज टिळकांच्या त्या भूमिकेचे कारणच उरलेले नाही, कारण शासन परके नाही. प्रश्न उरतो तो आगरकरांचा.

एक द्रव्य, चार कायदे

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे सिगारेट (उत्पादन, पुरवठा व वितरण नियमन) अधिनियम, १९७५. त्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये इंग्लंड व अमेरिकेतील अभ्यासांनी दाखविला होता आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. भारतीय कायदा या पाश्चात्त्य ज्ञानावर उभा राहिला आणि म्हणून तो फक्त सिगारेटपुरता राहिला. भारतीय माणूस मुख्यतः तंबाखू खातो, ओढतो कमी, ही वस्तुस्थिती त्यात उतरली नाही. वास्तविक तोंडाच्या आजाराचे ज्ञान येथेच निर्माण होत होते. सुपारीच्या सेवनाशी निगडित असलेल्या आणि तोंड उघडेनासे करणाऱ्या ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी मुंबईतून १९५३ मध्येच प्रसिद्ध केले होते.

दुसरे रूप दंतमंजनाचे. मशेरीची घरगुती सवय कारखान्यातील तंबाखूयुक्त मंजनाच्या व पेस्टच्या रूपाने बाजारात आली. केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. ही बंदी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली होती. म्हणजे येथे तंबाखू कायद्याच्या दृष्टीने ‘प्रसाधन’ ठरला.

तिसरे रूप गुटख्याचे. सुपारी, कात, चुना, सुगंधी द्रव्ये व तंबाखू यांचे हे मिश्रण लहान पुडीत, अल्प किमतीत आणि गोड चवीत उपलब्ध झाले. तंबाखूला पूर्वी नसलेल्या तीन गोष्टी त्याला लाभल्या. चव मुलांना आवडणारी, किंमत खाऊच्या पैशांत बसणारी आणि पुडी दप्तरात लपणारी. महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. हा निर्णय अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम, १९५४ खाली होता. म्हणजे गुटखा ‘अन्न’ ठरला. उत्पादक न्यायालयात गेले. गोदावत पानमसाला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी ही बंदी रद्द केली. कायद्यातील संबंधित कलमाखाली राज्याच्या आरोग्य प्राधिकाऱ्याला असा व्यापक अधिकार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दोन वर्षे चाललेला प्रयोग पदार्थाच्या निर्दोषत्वामुळे कोसळला नाही. कायद्याच्या अपुऱ्या आधारामुळे कोसळला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी हीच मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

आधार पुढे सापडला. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन हे घटक म्हणून वापरण्यास मनाई केली. त्याचा उपयोग करून २०१२ मध्ये प्रथम मध्य प्रदेशाने व त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये या बंदीला स्थगिती नाकारली. बंदीचा आदेश एका वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. पुढे त्यात सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारी यांचाही समावेश झाला, कारण बंदी येताच पानमसाल्याची एक व तंबाखूची दुसरी अशा जोडपुड्या बाजारात येऊ लागल्या. दोन पुड्या ग्राहकाने तळहातावर एकत्र केल्या की गुटखा तयार.

चौथे रूप ई-सिगारेटचे. चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेट तयार केली. त्यात तंबाखूचे पान जळत नाही. निकोटीनयुक्त द्रव तापून त्याची वाफ होते. भारतात पंजाब, कर्नाटक, केरळ, बिहार इत्यादी राज्यांनी २०१३ नंतरच्या काही वर्षांत तिच्याविरुद्ध पावले उचलली. त्यांतील काहींचा आधार असा की, निकोटीन हे परवाना नसलेले ‘औषध’ आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व राज्यांना सूचना दिल्या. परंतु मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, रोग बरा करण्याचा दावा नसलेली ही वस्तू प्रथमदर्शनी औषध ठरत नाही, असे सांगून औषध नियंत्रकांच्या परिपत्रकाला स्थगिती दिली. २००४ ची पुनरावृत्ती होण्याची चिन्हे दिसू लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३१ मे २०१९ रोजी श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा अधिनियम झाला.

असे एकच द्रव्य कायद्याच्या दप्तरी कधी व्यापारी माल, कधी प्रसाधन, कधी अन्न, तर कधी औषध ठरले. उत्पादकाने रूप बदलले की शासनाला नवी ओळख शोधावी लागली आणि त्या शोधात दर वेळी काही वर्षे गेली. त्या वर्षांत शाळेत शिकणारी एक पिढी सवयीच्या स्वाधीन झाली.

दोन कायद्यांचे वेगळेपण

या पार्श्वभूमीवर दोन कायदे वेगळे उठून दिसतात. पहिला सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ अर्थात ‘कोटपा’. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली होती. तिच्यानंतर हा कायदा आला. विडी, सिगारेट, गुटखा, तपकीर, तंबाखूयुक्त मंजन अशी सर्व रूपे त्याच्या अनुसूचीत एकत्र आली. त्याच्या सहाव्या कलमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करण्यास मनाई केली. येथे कायद्याने वस्तूकडून ग्राहकाकडे नजर वळविली. परंतु या कलमाच्या भंगाची शिक्षा दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे. टपरीच्या एका दिवसाच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ ठरते. पुढे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमाने बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली. एकाच कृत्यासाठी एक कायदा दोनशे रुपये सांगतो आणि दुसरा सात वर्षे सांगतो. या दोन टोकांमधील विसंगतीमुळे व्यवहारात विक्रेत्याला कोणत्याच कायद्याचा धाक वाटत नाही.

दुसरा कायदा २०१९ चा. त्याने ई-सिगारेटची व्याख्या व्यापक केली. निकोटीन असो वा नसो, नाव, आकार, स्वरूप कोणतेही असो, पदार्थ तापवून श्वासाबरोबर घेण्याची वाफ निर्माण करणारे प्रत्येक विद्युत उपकरण तिच्यात येते. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. वापर करणाऱ्याला मात्र त्यात गुन्हेगार ठरविलेले नाही. किशोरवयीनांच्या दृष्टीने ही तरतूद शहाणपणाची आहे, कारण सवय लागलेल्या मुलाला पोलीस ठाण्यापेक्षा समुपदेशनाची गरज असते.

तरीही रूपाचा पाठलाग संपलेला नाही. तंबाखूचे पान नसलेली आणि ओठाखाली ठेवण्याची निकोटीनची पुडी हे पुढचे रूप आहे. ती विजेवर चालत नाही म्हणून २०१९ च्या व्याख्येत येत नाही आणि तिच्यात तंबाखू नाही म्हणून २००३ च्या अनुसूचीत बसत नाही. नियमनाचा आधार निकोटीन हे द्रव्य असावे, या म्हणण्याला यापेक्षा स्पष्ट उदाहरण देण्याची गरज नाही.

आकडे काय सांगतात

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील लोकांत तंबाखू सेवनाचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते. ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. २०१६-१७ मध्ये धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. प्रमाण घटले हे खरे; ते कोणत्या रूपात अधिक आहे हेही यावरून दिसते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील तेरा ते पंधरा वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू सेवन करणारे आढळले. त्याच सर्वेक्षणातील दुसरी नोंद अधिक गंभीर आहे. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच सुरुवात केली होती. ई-सिगारेट कधीतरी वापरलेले विद्यार्थी २.८ टक्के होते.

हा २.८ टक्क्यांचा आकडा लहान म्हणून दुर्लक्षिण्यासारखा आहे काय, याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात मिळते. तेथे २०१५ मध्ये लहान, सहज लपणाऱ्या व गोड चवींच्या नव्या ई-सिगारेटी बाजारात आल्या. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्ये वापराचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के, २०१८ मध्ये २०.८ टक्के आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. दोन वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील सर्जन जनरलने यास साथ असे संबोधले. डिसेंबर २०१९ मध्ये खरेदीचे किमान वय एकवीस करण्यात आले, २०२० च्या आरंभी बहुतेक चवींच्या कुप्यांवर निर्बंध आले आणि २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांपर्यंत उतरले. या घटीचे सर्व श्रेय एका उपायाला देता येणार नाही. मधल्या काळात महामारीमुळे शाळा बंद होत्या. परंतु किती वेगाने प्रसार होऊ शकतो आणि वय व चव या दोन गोष्टींवर बोट ठेवणे का आवश्यक आहे, हे त्यातून कळते. किशोरवयात मेंदूची वाढ चालू असते आणि निकोटीन लक्ष, स्मरण व आवेगांवरील ताबा यांच्याशी निगडित प्रक्रियांत बाधा आणते, असा इशारा २०१६ च्या सर्जन जनरलच्या अहवालात दिलेला होता.

आक्षेप आणि त्यांचा विचार

नियमनाविरुद्धचे आक्षेप गांभीर्याने पाहण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप विसंगतीचा. अधिक घातक अशी सिगारेट दुकानात मिळते आणि तुलनेने कमी घातक म्हटली जाणारी ई-सिगारेट बंद, हे तर्काला धरून नाही, असे म्हटले जाते. इंग्लंडमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी ई-सिगारेट हे साधन मानले जाते, हेही खरे. परंतु तेथेही २०१५ पासून अठरा वर्षांखालील विक्रीस मनाई आहे आणि जून २०२५ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या ई-सिगारेटींवर बंदी आली. महाराष्ट्रातील परिस्थिती मुळातच वेगळी आहे. येथे धूम्रपान करणारे थोडे आणि तंबाखू खाणारे पुष्कळ. त्यामुळे ई-सिगारेट येथे सिगारेटची जागा घेण्याऐवजी नवा दरवाजा उघडण्याचीच भीती अधिक.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा. सीमाभागातील निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली दराकरिता आंदोलन केले, त्यात एप्रिल महिन्यात झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. सोलापुरात आजही अनेक स्त्रिया विडी वळण्यावर संसार चालवितात. त्यांच्या पर्यायी रोजगाराची चिंता केल्यावाचून तंबाखू नियंत्रणाला नैतिक बळ येणार नाही. परंतु मुलांना होणारी विक्री रोखल्याने आजच्या शेतकऱ्याचा वा विडी कामगाराचा व्यवसाय एकाएकी बुडत नाही. थांबतो तो पुढच्या पिढीतील नवा ग्राहक. बदलाला अवधी मिळेल असा हा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. या तत्त्वाचा आधुनिक प्रवक्ता जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व परिपक्व वयाच्या व्यक्तींनाच लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. दहाव्या वर्षाच्या आत लागलेल्या सवयीला निवड म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

चौथा आक्षेप व्यावहारिक आहे आणि तोच सर्वांत वजनदार. बंदीमुळे चोरटा व्यापार वाढतो, असा तो आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ चा अनुभव या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. हातभट्ट्या वाढल्या आणि साठच्या दशकात धोरण सैल करावे लागले. गुटख्याबाबतही कर्नाटकाची सीमा लागून असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याला हा प्रश्न अपरिचित नाही. २०१९ च्या कायद्यानंतरही ई-सिगारेट पूर्णपणे थांबली नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला २०२३ मध्ये पुन्हा जाहीर सूचना काढून अंमलबजावणीची आठवण द्यावी लागली. हा आक्षेप नियमनाची गरज नाकारत नाही. कायदा करून थांबू नये, असे तो सांगतो.

स्थानिक पातळीवरील नियमन

येथे महाराष्ट्राच्या अनुभवात एक उपयुक्त नमुना आहे. गावातील निम्म्या महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास दारूचे दुकान बंद होते. कायदा मुंबईत झाला तरी त्याची धार गावातल्या मतदानाने ठरते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चालणारे ‘मुक्तिपथ’ अभियान दारू व तंबाखू या दोहोंबाबत गावसंघटनेवर भर देते. शाळेपासूनच्या शंभर यार्डांची रेषा आखण्याचे काम ग्रामसभा, शाळा व्यवस्थापन समिती आणि महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना यांनी हाती घेतले, तर कलम सहा कागदावरून जमिनीवर येऊ शकेल. तंबाखूमुक्त शाळेचे निकष राज्याने २०१५ मध्येच ठरवून दिले आहेत. त्यांची पूर्तता फलक लावण्यापुरती राहू नये.

ग्रामीण भागात अशा कामाला शास्त्रीय आधार देता येतो, हे याच परिसराने सिद्ध केले आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली आणि तिच्यात बार्शीबरोबर परंडा व भूम हे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुके होते. याच जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यधोरणाला त्याचा उपयोग झाला. ज्या जिल्ह्यातील खेड्यांनी जगाला पुरावा दिला, त्या जिल्ह्याला आपल्या शाळकरी मुलांच्या सवयींची नियमित नोंद ठेवणे अशक्य नाही.

निष्कर्ष

१. तंबाखू नियंत्रणाचा इतिहास हा रूपांच्या पाठलागाचा इतिहास आहे. १९७५, १९९२, २००२ आणि २०१९ या चारही टप्प्यांवर पदार्थाची कायदेशीर ओळख बदलली. द्रव्य मात्र तेच राहिले.

२. निकोटीन असलेल्या प्रत्येक अ-औषधी उत्पादनाला, त्याचे रूप कोणतेही असो, एकच कायदा लागू व्हावा.

३. विक्रीचे किमान वय एकवीस करण्याचा विचार व्हावा. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये तशी दुरुस्ती केली आहे. सीमेच्या दोन बाजूंना दोन वयोमर्यादा असणे अंमलबजावणीला मारक आहे.

४. कलम सहाच्या भंगाचा दंड विक्रेत्याला जाणवेल इतका असावा आणि तो वसूल करण्याची जबाबदारी निश्चित असावी. शिक्षेचा रोख मुलावर नसून विक्रेत्यावर व पुरवठादारावर असावा.

५. व्यसनमुक्तीचे समुपदेशन तालुका पातळीवर उपलब्ध व्हावे. विडी कामगार व तंबाखू उत्पादक यांच्या पर्यायी उपजीविकेची योजना नियमनाबरोबरच चालावी.

समारोप

अकबराच्या दरबारातील वैद्याचे म्हणणे त्या वेळी ऐकले गेले नाही आणि त्याची किंमत दख्खनच्या अनेक पिढ्यांनी मोजली. ई-सिगारेटच्या बाबतीत शासनाने प्रसार होण्याआधी पाऊल उचलले, हे २०१९ च्या कायद्याचे ऐतिहासिक वेगळेपण आहे. परंतु गुटख्याच्या अनुभवाने दाखवून दिल्याप्रमाणे कायद्याचे यश राजपत्रातील प्रसिद्धीवर अवलंबून नसते. शाळेच्या फाटकासमोरील टपरीवर दहा वर्षांच्या मुलाने पैसे पुढे केले असता विक्रेता काय करतो, यावर ते ठरते. त्या क्षणी विक्रेत्याला नाही म्हणण्याचे बळ आणि न म्हटल्यास होणाऱ्या परिणामांची जाणीव देणे, हेच सार्वजनिक आरोग्यविषयक नियमनाचे प्रयोजन होय.